मिस्त्रींची कॉफी

"बाबा, बंद करा! आधी बंद करा!"

मिस्त्रींचं बोट धडपडत बटणावर पोचलं. मायक्रोवेव्हच्या आतली तडतड थांबली.

"कपाला सोनेरी कड आहे," लेक म्हणाली. "धातू आत चालत नाही. ठिणग्या उडाल्या बघा."

"बघतो कसला, ऐकल्या!" मिस्त्रींना भीतीऐवजी आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

जन्मभर पंप दुरुस्त केलेला माणूस. डोळे गेले आणि एकदा शेगडीवर बाही पेटली, तेव्हापासून बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं. तिचं चुकत नव्हतं. पण इस्पितळातली ड्यूटी करून आलेली ती पुन्हा ओट्याशी उभी राहायची आणि हे खुर्चीत शोभेला! आज लेकीनं हे यंत्र आणून बटणांवर फुगीर ठिपके चिकटवले होते.

"हा साधा काचेचा मग घ्या. झाकण घट्ट लावायचं नाही. मध्येच थांबवून ढवळायचं. झाल्यावर जरा थांबायचं, नाहीतर दूध वरून शांत दिसतं आणि हलवलं की अंगावर उसळतं."

"तुझ्या आईसारखं!"

दोघं खिदळत असतानाच कुलपात किल्ली फिरली.

"आली! तू मध्ये पडू नकोस हं," मिस्त्री कुजबुजले.

"अहो, तिथे काय करताय? सरका बघू!" बायको दारातूनच ओरडली.

"बस खाली. आज तू पाहुणी."

"भाजून घ्याल हो!"

लेकीनं आईचा हात धरून तिला बसवलं. मिस्त्रींनी मगात दूध ओतलं, ठिपके चाचपून बटण दाबलं. मध्येच थांबवलं, ढवळलं, पुन्हा लावलं. यंत्र वाजलं तरी ते दारावर हात ठेवून उभे राहिले. घाई केली नाही. मग जाड फडक्यात मग धरून बाहेर काढला, कॉफी-साखर घातली आणि ओट्याच्या, टेबलाच्या कडेनं चाचपत तिच्यापुढे ठेवला. थेंबही सांडला नाही.

फुंकर ऐकू आली. मग घोट.

"साखर जास्त झालीय," ती म्हणाली.

"उद्या कमी घालीन," मिस्त्री म्हणाले. उद्या! हा शब्द उच्चारतानाच त्यांना कोण आनंद झाला.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रोज आल्या आल्या ओट्याकडे धावणारी बाई आज समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसली होती.