राणी संचिताचे अश्रू

परीक्षितचा फोन ठेवल्यावर सुमित्रा साळवे बराच वेळ गॅससमोर नुसतीच उभी राहिली. चहा उतू जाऊन बर्नर विझला, तेव्हा कुठे ती भानावर आली.

परीक्षित हा तिचा पुण्याचा संपादक, वयाने तिच्याहून पुष्कळ लहान. मुलांसाठी लिहिलेली तिची अद्भुत कादंबरी त्याने पुन्हा एकदा परत पाठवली होती, आणि तक्रार याही वेळी शेवटाबद्दलच होती. गोष्टीत राणी संचिता साऱ्या राज्यातले दिवे गोळा करून आपल्या गुहेत साठवते आणि गावंच्या गावं अंधारात बुडतात. शेवटी चांदणी नावाची मुलगी स्वतःचा एकुलता एक दिवा आपण होऊन राणीला देऊन टाकते. त्या त्यागाने राणीला रडू फुटतं, ती चांदणीच्या पाया पडते आणि सगळे दिवे परत करते.

"सुमित्राताई, जिला दिव्यांची हाव आहे तिला आणखी एक दिवा मिळाला," परीक्षित म्हणाला होता. "मग ती रडेल कशाला? खूश होईल ना?"

"त्याग बघून माणूस बदलतो," सुमित्रा म्हणाली. "आमच्या ख्रिस्ती धर्माचा सगळा पायाच तो आहे."

"असेल. पण कागदावर ती बदलताना दिसत नाही. तुम्ही तिला ओढून रडवलंय."

सुमित्राला राग आला, पण परीक्षित चूक होता म्हणून नव्हे, त्याचं बरोबर होतं म्हणून. राणी संचिता कुठून आली हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुमित्राची थोरली बहीण सुशीला भोपाळमध्येच, अशोका गार्डन वस्तीत राहत होती. त्यांचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी नगरहून भोपाळला आले आणि कारखान्याच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये दोघी बहिणी वाढल्या. आई गेली, क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा सुशीलाने टेम्पो आणून आईची शिलाई मशीन, तांब्याची भांडी, लुगडी, सगळं नेलं. आईची पेटीसुद्धा नेली. त्या पेटीवर आई घरच्या प्रार्थनेला गीतं वाजवायची आणि सुमित्रा शेजारी बसून गायची. तेव्हा सुमित्रा एका शब्दाने बोलली नाही. उलट स्वतःच्या वाट्याला आलेली आईची शालही तिने टेम्पोत ठेवून दिली होती.

त्याच दिवशी दुपारी ती सिटी बसने अशोका गार्डनला गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. फक्त राणीकडे एकदा जवळून बघायचं होतं.

सुशीलाचं घर रुळांच्या बाजूला होतं. गाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन फ्रिज, तीन कपाटं, कपाटांवर बॅगा. दिलीप भाऊजी कोपऱ्यातल्या पलंगावर पेपर वाचत होते. ते उठून आत गेले आणि पाणी घेऊन आले. पेटी खिडकीखाली होती, उघडीच.

"ये ना, बस," सुशीला म्हणाली. "अशी अचानक कशी काय?"

सुमित्रा बसली नाही. "ताई, आईची पेटी मला दे."

"नाही," सुशीला म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? मला पाहिजे ती. रोज संध्याकाळी वाजवते मी."

तिचा चेहरा जरासुद्धा पडला नव्हता. सुमित्राने हातातला पाण्याचा पेला खिडकीत ठेवला. "लाज नाही वाटत तुला? सगळं घेऊन गेलीस. मी काही बोलले नाही, उलट शालसुद्धा दिली तुला."

"तेच तर," सुशीला म्हणाली. "तेव्हा म्हणाली असतीस, ताई, पेटी मला हवी, तर भांडलो असतो आणि कदाचित दिलीही असती. तू शाल दिलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसलीस. मी रडावं म्हणून. चर्चमध्येसुद्धा दर रविवारी तशीच बघतेस. खामखा चांगली होऊन बसलीस तू, सुमे. त्या शालीचा मला राग येतो."

"म्हणजे वाईट मीच?"

"मी हावरट आहे. ते मला माहीत आहे," सुशीला शांतपणे म्हणाली. "चहा टाकू?"

सुमित्रा चहा न घेता निघाली. बसमध्ये तिला उभंच राहावं लागलं. वाटभर ती मनातल्या मनात सुशीलाला उत्तरं देत होती, आणि प्रत्येक उत्तर तिचा स्टॉप येईपर्यंत लंगडं पडत होतं. तिला पेटी हवी होती, पण त्याहून जास्त हवे होते सुशीलाचे अश्रू. इतकी वर्षं ती त्यांचीच वाट बघत होती. चांदणीचा दिवा म्हणजे त्याग नव्हताच. तो अश्रूंसाठी टाकलेला गळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेवट नव्याने लिहिला. चांदणी गुहेच्या दारात उभी राहून म्हणते, दिवे परत दे, ते आमचे आहेत. राणी म्हणते, नाही. चांदणी तिला राक्षसीण म्हणत नाही आणि तिच्यापुढे झुकतही नाही. आपला दिवा घट्ट धरून ती डोंगर उतरते आणि ज्यांना वाट दिसत नाही त्यांच्या पुढे चालू लागते. मागे राणी दार लावून घेते.

परीक्षितने लगेच वाचलं आणि फोन केला. "आता पटतंय," तो म्हणाला. "पण ताई, यात चांगल्याचा विजय कुठे आहे? मुलांच्या पुस्तकात वाईट असं जिवंत सोडून चालत नाही. आमचे प्रकाशक ऐकायचे नाहीत."

"आम्ही दर रविवारी वाईटापासून सोडव म्हणून प्रार्थना करतो," सुमित्रा म्हणाली. "एकदा करून भागलं असतं तर दर रविवारी केली नसती."

"हे मी त्यांना कसं सांगू?"

"मला नाही माहीत. पण राणी आता रडणार नाही. छापायचं तर छापा, नाहीतर राहू दे."

तिने फोन ठेवला. हलकं वाटेल अशी तिची समजूत होती, पण तसं काही झालं नाही. तिचा परीक्षितवर राग होता, सुशीलावर तर होताच. आणि थोडा देवावरही होता. क्षमा कर एवढं सांगून तो मोकळा झाला होता. समोरच्याने क्षमा मागितलीच नाही तर ती ठेवायची कुठे, ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं.