थंडी वाजत नाहीये

मुलगा ज्या डोंगरावर बर्फात कायमचा राहिला, तिथवर जायचंच, म्हणून आई अठ्ठावन्नाव्या वर्षी मोहिमेत आली होती. विरळ हवा अंगवळणी पडावी म्हणून सतरा दिवस ती मोहिमेच्या डॉक्टरीणबाई सांगतील तसं वागली. थोडं वर चढायचं, झोपायला खाली यायचं, तहान नसली तरी पाणी प्यायचं.

अठराव्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटाला यंत्र दोनदा लावून पाहिलं.

"काकू, छातीत पाणी व्हायला लागलंय. आजच खाली उतरायचं."

"अगं, दोनच टप्पे राहिलेत."

"तुमची छाती नाही म्हणतेय, काकू."

सामान बांधायला वाटाड्या तंबूत आला. मुलाच्या शेवटच्या घटकेला तोच जवळ होता. वर पोचल्यावर विचारायचं म्हणून राखून ठेवलेला प्रश्न आईने आत्ताच विचारला.

"काही म्हणाला का रे तो?"

वाटाड्याने मान खाली घातली. "म्हणाला, आईला सांग, मला थंडी वाजत नाहीये."

आईचे हात बुटाच्या नाडीवरच थांबले. स्वेटर घालायचा नसला की लहानपणीही तो हेच खोटं बोलायचा. ती ऊर फुटेस्तोवर रडली आणि मग वाटाड्याचा हात धरून उतरणीला लागली.