दादांना हुकूम

मा जोंगसूची उमेदीची वर्षं बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला, जाळीमागे गेली. राखीव पिचरांचे चेंडू झेलायचे, त्यांचा हात गरम करून द्यायचा आणि त्यांना सामन्यात धाडून आपण मागे राहायचं. पुढे तो प्रशिक्षक झाला, मग दुय्यम संघाचा मॅनेजर. आता ऐन हंगामात कोरियातल्या गुन्सान शहराच्या मुख्य संघाचा मॅनेजर पायउतार झाला आणि मालकांनी उरलेल्या सामन्यांपुरती ती जागा जोंगसूला दिली.

बायकोने पहाटे देवळात मेणबत्ती लावून नमस्कार घातले. जोंगसू मात्र बोक थेगिलकडे धावला. थेगिल पिचरांचा प्रशिक्षक, शाळेत जोंगसूच्या पुढच्या वर्गात. धाकट्याला वर बसवलं की थोरल्याने मुकाट्याने निघून जायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

"दादा, जाऊ नका. तुमच्याशिवाय पिचर मला आवरायचे नाहीत."

"अरे, शाळेत ज्याच्याकडून बूट पुसून घेतले, त्याच्या हाताखाली राबू?"

"नीट पुसायचो की!"

"डावा नेहमी राहायचा." थेगिलने सुपाचा वाडगा बाजूला सारला. "आज थांबतो. पण माझ्यापुढे मान खाली घालून संघ चालवलास, तर उद्या मी नाही. तसल्या मॅनेजरला पोरंही विचारत नाहीत."

दुपारी आठव्या डावापर्यंत एका धावेची आघाडी टिकली. मग ग्योल या तरुण पिचरचे चेंडू भरकटू लागले. थेगिल मैदानाच्या मधोमध, पिचरच्या उंचवट्यावर जाऊन त्याच्याशी बोलून आला.

"दम आहे अजून. राहू दे."

चार चेंडू बाहेर गेले आणि पुढचा फलंदाज बॅट न फिरवताच फुकट पहिल्या तळावर गेला; तिथला आधीचा गडी दुसऱ्यावर सरकला. चेंडू सोडताना ग्योलचं कोपर खाली येत होतं. हात थकल्याची हीच खूण जोंगसू जाळीमागे बसून ओळखायला शिकला होता.

"दादा, त्याला काढतो."

"राहू दे म्हटलं ना मी!"

बाकावरच्या पोरांनी माना वळवल्या. एकाच डावात मॅनेजर किंवा प्रशिक्षक दुसऱ्यांदा उंचवट्यावर गेला, की पिचरला बाहेर यावंच लागतं. एकदा मैदानाची पांढरी रेघ ओलांडली की माघार नाही. 'बरं, दादा' जोंगसूच्या ओठांवर आलंच होतं. त्याने ते गिळलं.

"बोक प्रशिक्षक, जाळीमागे फोन करा. राखीव पिचर पाठवायला सांगा."

आणि तो रेघ ओलांडून चालू लागला.

नव्या पिचरचा दुसराच चेंडू भिंतीवर आदळला. दोन धावा गेल्या, सामनाही गेला.

सगळे आत गेल्यावर थेगिल त्याच्याजवळ आला.

"मी ग्योललाच ठेवलं असतं. अजून तेच म्हणतो."

"म्हणा की. मी ऐकेन. पण ठरवणार मीच. उद्याही."

थेगिलने टोपी काढून काखेत धरली.

"ग्योलला उद्या विश्रांती ना, साहेब?"

"हो."

"मग बाकीच्यांना दुपारच्या जेवणाआधीच सरावाला बोलावतो. दुसऱ्या चेंडूला मार खातात म्हणजे काय!"