सरावाची आग

एमस किटरिजचं घर सापडलं की त्यावर लावायची म्हणून लॉरेटा हूपने पितळी पाटी तरुणपणीच ओतून घेतली होती. घर काही सापडेना, आणि पाटी कोर्टाच्या तळघरात रंगाच्या डब्यांमागे पडून राहिली. किटरिज म्हणजे या काउंटीत वस्ती करणारा पहिला गोरा माणूस. सगळ्यांनी ओकची घरं बांधली, याने हट्टाने अक्रोडाच्या ओंडक्यांचं बांधलं आणि दारावर सहा पाकळ्यांचं फूल कोरलं, हे इथली शाळकरी पोरंही सांगतात. ते घर गेलं कुठे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

लॉरेटा इतिहास मंडळाची अध्यक्ष झाली ती याच ध्यासापायी. दर ऑक्टोबरात ती लोकांना जुनी घरं दाखवत हिंडायची आणि शिकवायची, की बाहेरच्या पांढऱ्या फळ्यांना भुलू नका. ओंडक्यांचं घर पुष्कळदा फळ्यांच्या आत दडलेलं असतं. खिडकीच्या कट्ट्याला वीत लावून बघा. कट्टा दीड वीत खोल निघाला तर आत ओंडके आहेत, डोळे मिटून समजा.

सासूबाईंचं, म्हणजे हेस्टरचं, घर तिने कधी या नजरेने पाहिलंच नाही. सासूसुनेचं फारसं पटलं नाही. हेस्टर म्हणायची, "माझं घर तुझ्या अख्ख्या मंडळाहून म्हातारं आहे, पोरी." लॉरेटा हसून सोडून द्यायची. तिच्या मते ते कोंबड्यांचा वास येणारं, मोहरीच्या रंगाच्या वॉलपेपरचं एक साधं घर होतं.

हेस्टर गेली, छप्पर गळायला लागलं, माळ्यावर रॅकूनसारखी रानजनावरं शिरली. गावातल्या स्वयंसेवक बंबवाल्यांना सरावासाठी पेटवायला घर हवंच होतं. असं पडीक घर देणं ही इथली रीतच आहे. मालकाचा पाडायचा खर्च वाचतो, बंबावरच्या पोरांचा हात बसतो आणि गावाला जमायला निमित्त मिळतं. घर ऐतिहासिक नाही असं आधी मंडळाला सांगावं लागतं. लॉरेटाने गाडीतून न उतरताच सांगून टाकलं. नवरा व्हर्जिल म्हणाला, एकदा आत जाऊन येऊ या का. तर ती म्हणाली, "काय बघायचंय? तुझ्या आईचा वॉलपेपर?"

शनिवारी सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन आले. लॉरेटाने पीचचा केक केला होता. बंबवाल्यांचा प्रमुख बॉइड याने स्वयंपाकघरात ठासलेल्या गवताला काडी लावली. खिडक्या फुटल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या भिंतीच्या फळ्या सोलपटून खाली आल्या, आणि त्यांच्यामागे माणसाच्या मांडीएवढे जाड, काळपट ओंडके दिसले. एकावर एक रचलेले. दारावरच्या ओंडक्यात सहा पाकळ्या होत्या आणि त्यांच्या कडांनी आग सरकत होती.

लॉरेटाच्या हातातली ताटली गवतात पडली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण हिने तर कळसा आपल्या हाताने चुलीत घातला होता.

"बॉइड," ती म्हणाली, "विझव."

"आत्ता कुठे रंगात आलंय, लॉरेटाबाई."

"ते किटरिजचं घर आहे."

बॉइडने वळून दाराकडे पाहिलं. तोही इथल्याच शाळेत शिकला होता. त्याचं हसू जागच्या जागी मेलं आणि तो पोरांवर ओरडत धावत सुटला. पण पाणी ओढ्यावरून टाकीच्या गाडीने आणायचं, आणि घर चांगलं पेटावं म्हणून पोरांनी खोल्याखोल्यांत गवत कोंबलेलं. आधी दार गेलं, मग छप्पर बसलं. खुर्च्यांवरचं कुणी उठलं नाही. हातातले घास हातातच राहिले.

दुपार कलेपर्यंत बैठकीच्या खोलीची एक भिंत तेवढी वाचली होती, मधोमध खिडकी असलेली. बॉइड नको नको म्हणत असताना लॉरेटा राखेतून तिथे गेली. व्हर्जिल मागोमाग आला. तिने पंजा ताणून कट्ट्याला वीत लावली, मग पुढे आणखी अर्धी. लाकूड अजून कढत होतं, तरी तिने हात काढला नाही.

"इथे आईची मांजर झोपायची," व्हर्जिल म्हणाला. "आडवी, चांगली पाय पसरून."

"आणि मी कॉफीचा कप ठेवायचे," लॉरेटा म्हणाली.

"दर रविवारी," व्हर्जिल म्हणाला. "बशीसकट."