शामकलाची उलटी रेघ

शामकला धानाच्या रोवणीच्या चिखलात दोनदा चक्कर येऊन पडली आणि तिच्या सासूच्या, धुरपताबाईच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. हृदय कमजोर असलं तर पोर कसं होणार? लेकाला, बिसरामला, दुसरी बायको करायचं तिनं मनात पक्कं केलंच होतं. फक्त गोंदियाच्या डॉक्टरांच्या तोंडून ते वदवून घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी कलकत्त्याहून हृदयाची वीज मोजायचं जुनं यंत्र आणलं होतं. यंत्र आतल्या खोलीत, रोगी बाहेर. रोग्यापुढे ओळीनं मिठाच्या पाण्याच्या तीन बादल्या, दोन हातांना दोन आणि डाव्या पायाला एक.

"हे जीव तं नाही ओढत?" शामकलानं विचारलं.

"यंत्र काही देत नाही, काही घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "ठोक्याठोक्याला हृदयच इवलीशी वीज तयार करतं. ती अंगभर पसरते. दोन हातांत तिचा जो फरक पडतो, तो आम्ही मोजतो. डाव्या हाताकडे गेली तर रेघ वर, उजव्याकडे गेली तर खाली."

कंपाउंडर सेवकरामनं तिला बसवलं. थोड्या वेळानं रेघ उमटलेली फोटोची पट्टी धुऊन आली. हातांची रेघ खाली तोंड करून होती.

"हृदयात बिघाड आहे," डॉक्टर म्हणाले. "बाळंतपण झेपायचं नाही."

"पाहा! मी काय सांगून राहिली होती?" धुरपताबाईला आनंद लपवताही येईना.

शामकलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आता ह्यांले बसवा. ह्याच बादल्यांत."

"मले कायले?" बिसराम म्हणाला.

"काऊन, भेव लागते?"

तो बसला. सेवकराम खुर्ची बादल्यांच्या दुसऱ्या बाजूला फिरवू लागला, तशी ती ओरडली, "खुर्ची नाही हालवायची! मी बसली तशीच."

बिसरामची रेघही खालीच आली.

"तुमचा पोरगा बी उलटाच निघाला, आत्याबाई," शामकला म्हणाली. "मंग माह्यासाठी दुसरा नवरा कवा पाहता?"

डॉक्टर धावत बाहेर आले. पहिली बादली उजव्या हाताची, आणि बिसरामचा तिच्यात डावा हात!

"बाईची नाडी डाव्या हाताची पाहतात ना, साहेब," सेवकराम चाचरत म्हणाला. तो आधी वैद्याकडे कामाला होता. "म्हणून बायांची खुर्ची मी बादल्यांच्या पलीकडे फिरवून ठेवतो, पहिल्या बादलीत डावा हात यावा म्हणून."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. वीज नीटच धावत होती, डॉक्टरच तिला उलटीकडून पाहत होते. खुर्ची पुन्हा अलीकडे फिरवून शामकलाला बसवल्यावर तिची रेघ ताठ वर गेली.

"मग चक्कर कशानं येते? सकाळी काय खातेस?" डॉक्टरांनी विचारलं.

शामकलानं सासूकडे पाहिलं. धुरपताबाई जमिनीकडे पाहू लागली.

"चाल घरी," बिसराम पुटपुटला.

शामकलानं पदराला हात पुसले. "चालते. पण उद्यापासून धानाच्या बांधीत उतरायच्या आधी मी जेवीन. सगळ्यांच्या आधी."