सरळ केलेले आकडे

१९९९ साली पुण्याच्या एका संशोधन संस्थेने शेवगावच्या आमच्या कॉलेजाला आकाशाचे फोटो पाठवले. फोटोंवर चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोनात किती दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, दिसतात, ते मोजून कळवायचं. विश्वाचा पसारा वाढत्या वेगाने फाकतो आहे. त्याला फाकवणारी कृष्ण ऊर्जा काय चीज आहे, ते अशा मोजण्यांतून उमगेल म्हणे. मी फिजिक्सचा विभागप्रमुख. विभागात मी एकटाच. म्हणून मोजणी टी. वाय.च्या वृषालीला दिली. काम चांगलं झालं तर संस्था तिला उन्हाळ्यात दोन महिने पुण्याला बोलावणार होती.

महिनाभर भिंग लावून तिने मोजलं. एका चौकोनात एकेचाळीस, शेजारी तीन, पुढे शून्य, मग छप्पन्न.

"हे काय गं? इकडे जत्रा आणि शेजारी संचारबंदी? डुलकी लागली होती का?"

"तशाच हायेत सर. दोनदा मोजल्या."

वीस वर्षं मुलांची प्रॅक्टिकलची जर्नलं तपासून माझ्या हाताला एक वळण पडलेलं. बहकलेलं रीडिंग शेजारच्याकडे जरा सरकवायचं. आलेख सरळ येतो, बाहेरचे परीक्षक चहा पिऊन सही करतात. त्याच हाताने मी तिचे आकडे सरळ केले. चोवीस, सव्वीस, पंचवीस. टाइप केले, खाली तिचं एकटीचं नाव घातलं आणि स्वतःच्या मोठेपणावर खूश झालो.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दीर्घिका घोळक्यांनी असतात. ते घोळके कसे वाढत गेले यावरूनच कृष्ण ऊर्जेचा माग काढायचा आहे. विद्यार्थिनीचे चोवीस, सव्वीस, पंचवीस हे आकडे घरी बसून रचलेले दिसतात. तिला घेता येणार नाही.

वृषालीने ते माझ्या टेबलापाशी उभ्यानेच वाचलं.

"सर, मी तर छप्पन्न लिहिलं हुतं."

"टाइप करताना चूक झाली असेल."

"मग तसं लिहून द्या. माझी वही पन जोडा."

मी लिहिलं, 'टंकलेखकाच्या चुकीमुळे'. तिने वाचलं.

"टंकलेखक कोन, सर?"

"मीच."

"मग नाव घाला ना."

नाव घातलं. कागद परत माझ्यापुढे आला.

"'चूक' न्हाई, सर. 'बदलले' लिहा."

तेही लिहिलं. पाकिटाला डिंक लावून मी म्हणालो, "जाताना पोस्टात टाकतो."

"तुमी नका टाकू," ती म्हणाली आणि पाकीट घेऊन गेली.