चिंगीची खाज आणि दुकानाची गादी

निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. कळंबच्या बाजारात वीरप्पांचे धान्याचे दुकान होते आणि दुकानात चिंगी नावाची मांजरी होती. उंदरांपासून ज्वारीची पोती राखणे हे तिचे काम. पण त्या वैशाखात तिला अंग खाजवण्यातून उसंतच मिळेना. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झाले, कातडीवर खपल्या धरल्या.

"खरूज हाय ही. सांजच्याला ढोकीची गाडी निघंल, तीत पोत्यात घालून धाडतो," वीरप्पा म्हणाले आणि बोलता बोलता स्वतःची पोटरी खाजवू लागले.

त्यांची पत्नी रुद्रम्मा दारात उभी होती. मुली सासरी गेल्यापासून घरात तिचे बोलणे ऐकून घेणारे एक मांजरच उरले होते.

"मग तुम्हालाबी त्याच पोत्यात घालू का?"

"मला घामोळं हाय."

"घोट्याला?"

वीरप्पांनी धोतर घोट्यापर्यंत खाली ओढले. रुद्रम्माने जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून सलोत्री सोमलिंग यांना, ढोकीच्या गाडीचे सांगून, बोलावून आणले. बैलाघोड्यांचे हे डॉक्टर मांजरासाठी प्रथमच कुणाच्या दारी येत होते. त्यांनी बारीक दातांच्या फणीने चिंगीची पाठ विंचरली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकले. कणांभोवती तांबूस डाग पसरले.

"हे रक्त. पिसवांची घाण हाय ही, खरूज न्हाय. अंगाला काही लावलं का?"

"गंधक आन् करंजाचं तेल," वीरप्पा अभिमानाने म्हणाले.

"धुऊन काढा. मांजर अंग चाटतंय, तुमचं औषध तिच्या पोटात जाईल. रोज विंचरा, पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. पण ही निजती कुठं?"

रुद्रम्माने बैठकीच्या गादीकडे बोट दाखवले. वडिलांपासूनची रीत अशी, की ती गादी दिवाळीच्या लक्ष्मीपूजनालाच उचलायची. मध्येच हलवली, तर लक्ष्मी उठून जाते. दिवसा तिच्यावर वीरप्पा बसत, रात्री चिंगी.

सलोत्रींनी गादीची कड उचलताच दोन पिसवा टुणकन त्यांच्या बाहीवर आल्या.

"खोळ उकळा, कापूस जाळा, जमीन झाडून घ्या. न्हाईतर मांजर ढोकीला जाईल आन् तिच्या वाटणीचं चावणंसुद्धा तुम्हालाच."

वीरप्पांचा चेहरा उतरला. "दिवाळीपतुर गादी हलत न्हाय, साहेब. वडलांनी कधी हलवली न्हाय."

"मग आजच दिवाळी करा," रुद्रम्मा म्हणाली आणि समई घासायला बसली.

वीरप्पांनी गादीवरून एकदा हात फिरवला. मग पोटरीला पुन्हा चावा बसला. ते उठले, आंघोळ करून आले, कपाळी विभूती लावली आणि भर दुपारी तराजूला हळदकुंकू वाहिले. गादी निघाली. मागल्या अंगणात कापूस धुमसू लागला. ढोकीची गाडी पोत्याविना गेली.

शेजारचे व्यापारी शंकरप्पा धूर पाहून आले; येताना तराजूवरचे हळदकुंकू त्यांना दिसले. "वीरप्पा, वैशाखात लक्ष्मीपूजन? लई नफा झाला म्हणायचा!"

पिसवांचे नाव घेण्यापेक्षा नफा कबूल करणे वीरप्पांना सोपे वाटले. "व्हय. देवाची कृपा."

शंकरप्पांनी जळत्या कापसाकडे पाहिले, साबणाच्या पाण्याकडे पाहिले, रुद्रम्माच्या मांडीवर डोळे मिटून विंचरून घेणाऱ्या चिंगीकडे पाहिले. त्यांचा हात नकळत खाजवायला धोतराच्या सोग्यापाशी गेला आणि तिथेच घुटमळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दारात हजर. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "वैनी, ती फणी जरा द्या. आमच्याकडंबी आज पूजा हाय."